बेट की शिडाची होडी?

मालदीवचं बेट म्हणजेच सुट्टी, हा समज आता आंबिवलीच्या कसारा लोकलमध्येही ऐकू येतो. १९७२ मध्ये कुरुंबा या रिसॉर्टपासून तिथे ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ ही रीत रुजली. जेवण, पाणी, करमणूक सगळं एकाच मालकाकडे, त्याच्याच दराने! लक्षद्वीपचं बंगाराम आपल्याच देशात, पण परवाना काढा, कोचीहून अगत्ती गाठा, मग पुन्हा बोट.

मुंबईत गेटवे ऑफ इंडियाजवळ मात्र शिडाची होडी तासांवर भाड्याने मिळते. खलाशी सोबत असतो, खर्च पाचसहा जणांत वाटला जातो.

अडचण पावसाळ्याची. तेव्हा गेटवे-मांडवा लाँचही बंद असतात. शिडाच्या होडीचे हेलकावे न सोसणाऱ्या आजीआजोबांना बेटच बरं. बाकीच्यांनी ऑक्टोबर उजाडला की आधी होडी ठरवावी.