सहीआधीचा सल्ला

घटस्फोटाचा विषय निघाला की आपल्याकडे एक सल्ला हमखास मिळतो : वकिलाच्या नादी लागू नका. मामा देतात, शेजारच्या काकू देतात, लग्न जमवताना मध्यस्थ असलेले गृहस्थही देतात. "वकील आला की चार महिन्यांचं भांडण दहा वर्षं चालतं. चार शहाणी माणसं बसवा, द्यायचं-घ्यायचं ठरवा, कागद करा आणि मोकळे व्हा." सांगणाऱ्याचा हेतू बहुधा चांगला असतो. कुणाच्या तरी खटल्यात तारखांवर तारखा पडताना त्याने पाहिलेल्या असतात. तरीही हा सल्ला घातक आहे. तो ऐकून ज्यांचं नुकसान होतं त्यांत कमावत्या नसलेल्या बायका सर्वांत जास्त, म्हणून तो मुळापासून खोडून काढायला हवा.

आधी तो 'कागद' पाहू. स्टॅम्पपेपरवर फारकतनामा लिहून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन, नोटरीचा शिक्का मारला की लग्न संपलं, असं गावोगाव मानलं जातं. शहरातही मानलं जातं. पण हिंदू विवाह कायदा, 1955 खाली झालेलं लग्न न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेच संपतं. काही समाजांत काडीमोडीची रूढी आहे आणि कायद्याच्या कलम 29 ने तिला जागा ठेवली आहे. मात्र ती रूढी जुनी, अखंड चालत आलेली आहे हे वाद उभा राहिल्यावर पुराव्याने सिद्ध करावं लागतं. ते झालं नाही तर त्या कागदाच्या भरवशावर केलेलं दुसरं लग्न कायद्याने शून्य ठरतं आणि ते करणारा द्विविवाहाच्या गुन्ह्यात अडकतो. त्या दुसऱ्या बाईचं काय? तिने तर सगळं नीट विचारूनच लग्न केलेलं असतं. वकिलाकडे एकदा अर्धा तास बसलं असतं तर हे टळलं असतं.

आता चार शहाणी माणसं. त्यांच्या शहाणपणाला माझा नकार नाही. लग्नात कोणी किती सोनं घातलं, मानपान काय झाला, हे त्यांना तोंडपाठ असतं आणि ते उपयोगीच आहे. पण बैठकीत जे विचारलंच जात नाही ते जास्त महाग पडतं. घरकर्ज दोघांच्या नावावर असेल तर 'हप्ते नवरा भरेल' असं बैठकीत ठरल्याने बँक बांधली जात नाही. बँकेच्या दृष्टीने बायको सहकर्जदार राहते आणि हप्ते थकले की नोटीस तिलाही येते. भविष्य निर्वाह निधी आणि विमा यांवरची नामांकनं तशीच राहतात. मुलाच्या नावाने 'एकरकमी इतके' असं ठरतं, आणि दहावीनंतरच्या शिक्षणाचा विचार त्या आकड्यात नसतो. मुलाच्या पोषणाचा हक्क आईने सही करून सोडला तरी तो मुलाचा हक्क संपत नाही, हे त्या बैठकीत सहसा कोणालाच माहीत नसतं. आणि घर सासूच्या नावावर आहे म्हणून सुनेला बाहेर काढता येतं, असं तर सगळेच समजून चालतात. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या 2005 च्या कायद्याने तिला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला आहे, आणि ते घर सासरच्या नातेवाइकाच्या मालकीचं असलं तरी ते सामायिक घर असू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली स्पष्ट केलं.

यावर उत्तर येतं, "आमचं तसं भांडण नाही. दोघांचीही तयारी आहे. मग वकील कशाला? आणि लागलाच तर दोघांत एक पुरे."

हा युक्तिवाद मला सर्वांत धोक्याचा वाटतो, कारण तो समंजसपणाच्या रूपात येतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13ब नुसार परस्परसंमतीचा घटस्फोट मागायचा तर वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, आणि पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबून दुसऱ्यांदा न्यायालयापुढे यावं लागतं. ही सहा महिन्यांची अट योग्य प्रकरणात माफ होऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितलं. हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणालाही संमती मागे घेता येते. हे सगळं त्या बाईला कोण सांगणार? नवऱ्याने आणलेला, नवऱ्याने फी दिलेला वकील? एकच माणूस दोघांना 'यात तुमचं हित काय' हे सांगू शकत नाही. दोघांचं हित एक असतं तर ते त्याच्या कार्यालयात आलेच नसते. छळाने थकलेली बाई अशा वेळी एकच वाक्य म्हणते : मला काही नको, फक्त सोडवा. आणि संमतीच्या अटींत लिहिलं जातं की कायमच्या पोटगीवर तिचा दावा नाही, स्त्रीधन मिळालं, पुढे कसलीही तक्रार नाही. स्त्रीधन मिळालेलं नसतं. पाच वर्षांनी नोकरी सुटते, आजारपण येतं, तेव्हा ती तो कागद काढून वाचते. तिच्या बाजूचा स्वतंत्र वकील सहीच्या आधी असता तर त्याने तिला फक्त एवढंच विचारलं असतं : दागिन्यांची यादी कुठे आहे, पावत्या कुठे आहेत, त्याचा पगार किती? 2020 पासून पोटगीच्या अर्जात दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जं यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. ते वाचल्याशिवाय कोणत्याही रकमेला हो म्हणू नये.

एक सल्ला तर इतका वाईट आहे की तो ऐकताना राग येतो : "कोर्टाची नोटीस घेऊच नका." समन्स नाकारलं तरी ते बजावलं गेलं असंच धरता येतं. मग प्रकरण एकतर्फी चालतं, घटस्फोट होतो, आणि तो रद्द करून घेण्यासाठी अर्जाची मुदत तीस दिवसांची. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 खालचा अंतरिम पोटगीचा आणि दाव्याच्या खर्चाचा अर्ज करायची संधी दाव्यातच असते. हजरच न राहणारा ती स्वतः घालवतो.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे. 1984 च्या कुटुंब न्यायालय कायद्यातच लिहिलं आहे की पक्षकाराला वकिलामार्फत बाजू मांडण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. म्हणजे कायद्यालाही वकील नको आहेत, असं म्हणतात. हेतू खरा आहे : समुपदेशकासमोर नवरा-बायकोने स्वतः बोलावं, तडजोडीला वाव मिळावा. पण तेच कलम न्यायालयाला मदतीसाठी विधिज्ञ नेमण्याची मुभा देतं, आणि परवानगीचा अर्ज करून वकील उभे राहतात, हा रोजचा व्यवहार आहे. शिवाय ते कलम बोलतं न्यायालयात उभं राहण्याबद्दल. न्यायालयाबाहेर, सहीआधी, सल्ला घेण्याला त्यात कसलीही आडकाठी नाही.

राहिला पैसा. तीही अडचण खरीच, पण ती समजली जाते तेवढी मोठी नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा, अमलात आला 9 नोव्हेंबर 1995 रोजी. त्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दिव्यांग व्यक्तीलाही नाही. इतर पुरुषांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. हमाली करणाऱ्या, रिक्षा चालवणाऱ्या नवऱ्यालाही हा दरवाजा उघडा आहे. घटस्फोट आणि पोटगीच्या दाव्यांत महाराष्ट्रात स्त्रियांना न्यायालयीन शुल्क माफ आहे. पदरी मिळकत नसलेला जोडीदार, मग तो नवरा का असेना, दाव्याचा खर्च दुसऱ्याकडून मागू शकतो.

"फुकटचा वकील जीव लावून लढत नाही," असंही म्हणतात. काही जण लढत नाहीत, हे मान्य. पण मोफत विधी सेवेच्या 2010 च्या नियमांत 'मोफत' सोबत 'सक्षम' हाही शब्द आहे, आणि अशा प्रकरणांवर देखरेखीसाठी समितीची तरतूद आहे. वकील तारखेला येत नसेल तर प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करून दुसरा मागता येतो. पैसे मोजून नेमलेला वकीलही चुकारपणा करतोच; त्याच्यावर अशी देखरेख कोण ठेवतं?

आणि भडकवणारे वकील? आहेत. एका भांडणातून पाच प्रकरणं काढणारे, खोटे आरोप लिहून देणारे. त्यांना ओळखायची एक साधी खूण सांगतो. मिळणाऱ्या पोटगीतला हिस्सा जो फी म्हणून मागतो त्याच्याकडून उठून यावं. निकालावर अवलंबून असलेली किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घेणारी फी वकील परिषदेच्या नियमांनुसार घेता येत नाही. फी किती, कशाची, हे पहिल्याच भेटीत लिहून मागावं. कोऱ्या वकालतनाम्यावर सही करू नये. आपल्या अर्जाची प्रत आपल्याकडे असावी आणि ती मराठीत समजावून घ्यावी.

जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्यात समिती असते. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलं तरी अर्ज लिहून घेतला जातो. दूरध्वनी 15100.