शिरढोणचा कारकून

पनवेलहून शिरढोण ते किती लांब! वासुदेव बळवंत फडके १८४५ साली तिथेच जन्मले. पण चौथीच्या वर्गात त्यांचे चरित्र सनावळीपासून कशाला सुरू करायचे? पुण्याच्या सरकारी कचेरीतला कारकून. आई आजारी, रजा मिळेना, अखेर भेट राहिलीच. एवढे सांगून गुरुजींनी थांबावे. पुढचे मुलेच विचारतील. मात्र याच प्रसंगावरच्या गोष्टीत मायलेकरांचे बोलणे आले, की हळूच पुसावे, ''हे ऐकले कोणी?'' घडलेले कुठले आणि लेखकाने रचलेले कुठले, हे पोरांना बरोबर उमगते. आणि कृपा करून शेवट गाळू नका. एडनच्या तुरुंगातून ते निसटले, पुन्हा पकडले गेले आणि १८८३ मध्ये तिथेच वारले.