विश्लेषण : नागपूरच्या उन्हात ओव्हरक्लॉकिंगसाठी महागडा मदरबोर्ड हवाच का?

२३ मे २०१३ रोजी नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तसा दिवस दरवर्षी येत नसला, तरी मे महिन्यातले ४५ अंश शहराला नवे नाहीत. याच दिवसांत लग्नसराई असते आणि व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांचे संगणक रात्रभर रेंडरिंग करत असतात. यातल्या अनेकांना, तसेच गेमिंगचा नाद असलेल्या विद्यार्थ्यांना, प्रोसेसर ओव्हरक्लॉक करून आणखी वेग हवा असतो. सीताबर्डीत चौकशीला गेले की ‘मग सगळ्यात वरचाच बोर्ड घ्या’ असा सल्ला ठरलेला. थंड खोलीत बसणाऱ्याचे त्याने फारसे बिघडणार नाही. नागपुरात मात्र पैसा चुकीच्या जागी अडकतो.

मदरबोर्ड नेमके काय करतो?

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणे. त्यासाठी बहुधा व्होल्टेज वाढवावे लागते. पॉवर सप्लायकडून येणारे १२ व्होल्ट प्रोसेसरला लागणाऱ्या साधारण १.३ व्होल्टवर आणण्याचे काम बोर्डवरचा व्हीआरएम हा भाग करतो. इंटेलच्या कोअर आय ९ १४९०० केची कमाल टर्बो पॉवर २५३ वॅट आहे. १.३ व्होल्टला हे झाले सुमारे १९५ अँपिअर. एवढा प्रवाह पुरवताना व्हीआरएमची कार्यक्षमता ९० टक्के धरली, तरी २५ ते ३० वॅट उष्णता त्या इवल्याशा भागात तयार होते.

म्हणून अगदी स्वस्त, उघड्या मॉसफेटचा बोर्ड नकोच. तो तापला की प्रोसेसरचा वेग आपोआप खाली येतो. पण दुसऱ्या टोकाचे गणितही पाहायला हवे. मधल्या किमतीच्या बोर्डवर ६० अँपिअरचे १२ टप्पे असले, तरी कागदावर क्षमता ७२० अँपिअर होते. सर्वांत महागड्या बोर्डवर ती हजारापलीकडे जाते. गरज मात्र दोनशेच्या आसपास, ओव्हरक्लॉक केल्यावर त्याहून काहीशी जास्त. उरलेली क्षमता द्रवरूप नायट्रोजन ओतून विक्रम करणाऱ्यांच्या कामाची. खोक्यावरचा ‘फेज’चा मोठा आकडा पाहून भुलण्यापेक्षा व्हीआरएमवरचा हीटसिंक जाड, वजनदार आणि नीट कापलेला आहे का, हे पाहावे.

खरी अडचण खोलीच्या तापमानाची आहे. हवेवर किंवा पाण्यावर चालणारा कोणताही कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोली २५ ऐवजी ३८ अंशांवर असेल, तर त्याच भाराला प्रोसेसर जवळपास १३ अंश जास्त तापतो. १४९०० के १०० अंशांवर स्वतःला आवरतो, आणि पूर्ण भाराखाली तो थंड खोलीतही त्या सीमेच्या जवळ असतो. मग साठ-सत्तर हजारांच्या बोर्डने वाढवलेला वेग मे महिन्यात उरणार कुठे?

महाग म्हणजे सुरक्षित, हेही खरे नाही. एप्रिल २०२३ मध्ये एएमडीचे काही रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर बोर्डसकट जळाले. त्यानंतर एसओसी व्होल्टेजवर १.३ व्होल्टची मर्यादा घालावी लागली. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीतले प्रोसेसर अस्थिर होऊ लागल्यावर २०२४ मध्ये कंपनीने मायक्रोकोड दुरुस्ती दिली आणि हमी दोन वर्षांनी वाढवली. मूळ दोष बोर्डचा नव्हता. पण अनेक बोर्ड पॉवरची मर्यादा मुळातच ४०९६ वॅट, म्हणजे अमर्याद, ठेवून विकले जात होते, हेही तेव्हा चर्चेत आले. ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेले नुकसान कंपन्या हमीत धरत नाहीत, हे दुकानात क्वचितच कोणी सांगते.

मग काय घ्यावे?

इंटेलचा ‘के’ प्रोसेसर असेल तर झेड मालिकेचा चिपसेट लागतोच, कारण मल्टिप्लायर तिथेच खुला असतो. एएमडीमध्ये बी ६५० वा बी ८५० पुरेसा आहे, एक्स मालिकेचा आग्रह नको. चार एम.२ स्लॉट किंवा वेगवान लॅन खरोखर लागत असेल, तर महाग बोर्डला अर्थ आहे. एरवी वीस-पंचवीस हजारांचा बोर्ड घेऊन उरलेले पैसे हवेशीर कॅबिनेट, मोठा रेडिएटर आणि चांगल्या यूपीएसवर घालावेत. यूपीएस शेवटी लिहिला असला, तरी रात्रभराचे रेंडरिंग वीज गेल्यावर तोच वाचवतो.

बोर्ड घेताना व्हीआरएमचे तापमान दाखवणारा सेन्सर आहे का, तेही विचारावे. अर्थात एकाच आकड्यावर विसंबू नये. मे २०२४ मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते आणि तो सेन्सरचा दोष असल्याचा खुलासा हवामान खात्याला करावा लागला होता.

डेझर्ट कूलरची हवा थेट कॅबिनेटवर घेऊ नये. वाळ्याच्या ताट्यांतून उडणाऱ्या थेंबांबरोबर क्षारही बोर्डवर बसतात. बायोसमध्ये दोन प्रोफाइल जतन करून ठेवता येतात : डिसेंबर-जानेवारीसाठी ओव्हरक्लॉकचे, आणि एप्रिलपासून पाऊस स्थिरावेपर्यंत कमी व्होल्टेज व २५३ वॅटच्या आतल्या मर्यादेचे. दुसऱ्या प्रोफाइलवर रेंडरिंगला काही मिनिटे जास्त लागतील, पण लग्नाचा व्हिडिओ मध्येच अडकणार नाही.