सरासरी काय झाकते?

सहामाहीचे प्रगतिपुस्तक हातात पडले की घरोघरी पहिला प्रश्न एकच असतो, ‘टक्के किती?’ सगळे पेपर शंभर गुणांचे असले तर हे टक्के म्हणजे गुणांची सरासरीच. ती काढायला सातवीच्या मुलाला दोन मिनिटे पुरतात. बेरीज करा, भागा, झाले. माझ्याकडे कॉलेजच्या पहिल्या वर्षाला येणारी मुलेही ती बिनचूक काढतात. पण ती काय सांगते आणि काय झाकते, असे विचारले की वर्ग गप्प होतो.

समजा, एका मुलीला पाच विषयांत 60, 62, 58, 61 आणि 59 गुण मिळाले. तिच्या भावाला 95, 20, 90, 25 आणि 70. दोघांची बेरीज 300, सरासरी 60. नुसते टक्के पाहणारे वडील दोघांच्या पाठीवर सारखीच थाप मारतील. वास्तविक मुलगा दोन विषयांत गटांगळ्या खातो आहे. शिकवणी कशाची लावायची, हे सरासरीला विचारून कळायचे नाही.

हे समजावायला सूत्र लागत नाही, चिंचोके पुरतात. पाच मुलांना 2, 9, 4, 7 आणि 3 चिंचोके द्या. मग सगळे एका ढिगात ओतून सारखे वाटा. प्रत्येकाच्या वाट्याला 5 येतील. ही झाली सरासरी. आता खरी गंमत. नऊवाल्याचे 4 गेले, सातवाल्याचे 2, म्हणजे एकूण 6 गेले. उरलेल्या तिघांना 3, 1 आणि 2 मिळाले, तेही 6. हे देणे-घेणे नेहमीच जुळते. मुलांना आकडे बदलून खुशाल पडताळू द्या. दिलेले-घेतलेले सगळे मिळून 12, त्याला पाचाने भागले की 2.4. याला सरासरी विचलन म्हणतात. वरच्या मुलीचे ते येते 1.2 आणि भावाचे तब्बल 30! प्रमाण विचलनाचे वर्गमूळ वगैरे पुढच्या इयत्तांत येईलच, पण चिंचोके हाताळलेल्या मुलाला त्याचा बाऊ वाटत नाही, असा माझा अनुभव आहे.

पावसाचे उदाहरण तर आपल्या दारातले. जून ते सप्टेंबर या काळातली देशाची सरासरी हवामान खाते 1971 ते 2020 च्या नोंदींवरून 87 सेंटिमीटर धरते. 2019 चा हंगाम या सरासरीच्या सुमारे 110 टक्क्यांवर संपला. (तुलना तेव्हाच्या जरा वेगळ्या सरासरीशी होती, पण फरक किरकोळ.) नुसता आकडा वाचणाऱ्याला वाटेल, साल झकास गेले. पण त्याच वर्षी जूनमध्ये देशात पाऊस सुमारे 33 टक्के कमी पडला होता, आणि ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा पात्र सोडून आपल्या जिल्ह्यातल्या घरांत शिरल्या. पेरणीवेळी आभाळाकडे डोळे लावून बसलेल्याला त्या 110 टक्क्यांचे काय कौतुक? शिवाय आपल्या जिल्ह्याची म्हणून जी सरासरी निघते, ती खानापूरच्या घाटमाथ्याला लागू पडत नाही आणि अथणीच्या कोरड्या रानालाही नाही.

येत्या रविवारी मुलांना घरातली वर्षभराची विजेची बिले काढून द्या. बारा महिन्यांच्या युनिटांची सरासरी काढू द्या, आणि कुठला महिना तिच्यापासून सर्वांत लांब गेला ते शोधू द्या. तो का गेला, हे आजीला विचारायला सांगा. पंखा कोण बंद करत नाही, ते तिला पक्के ठाऊक असते.