तारेखालचा अडथळा

गायकाच्या आवाजाची वाखाणणी करताना मराठी समीक्षक 'जवारीदार' हा शब्द फार सैलपणे वापरतात. बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ 'गोड' एवढाच उरलेला असतो. हा शब्द ज्या कामातून आला ते काम आपण पाहिले असते, तर तो 'गोड'च्या जवळपासही ठेवला नसता, असे आम्हांस वाटते.

त्या कामाचे माहेरघर सांगली जिल्ह्यातले मिरज. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात येथे तंतुवाद्ये घडवण्यास आरंभ केला. पोलादाला पाणी देणारे हात तारेकडे वळले. भोवतालचा मुलूखही गाण्याचा होता. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी मिरजेतच विष्णु दिगंबर पलुसकरांना शिकवले. त्यांचेच शिष्य अंतूबुवा जोशी साताऱ्याकडच्या औंध संस्थानात गायक होते. अब्दुल करीम खाँ तर मिरजेचेच होऊन राहिले. इतके चोखंदळ कान शेजारी असल्यावर कारागिराला निष्काळजी राहणे परवडले नसणार.

तंबोऱ्याच्या घोडीचा माथा दिसतो सपाट, पण असतो किंचित उतरता आणि बाकदार. तार त्याच्यावर नुसती टेकत नाही. कंप पावताना ती त्या उतारावर पुनःपुन्हा घासते. कारागीर कानशीने हा बाक घडवतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये दोरा सरकवायचा. त्याला 'जीव' म्हणतात, आणि हे नाव ज्याने दिले त्याला आमचा नमस्कार. दोरा केसभर पुढेमागे झाला की मिटलेला स्वर एकदम उमलतो, किंवा नुसता खरखरू लागतो. जवारी खुली हवी की बंद, हे गाणाऱ्याच्या गळ्यावर ठरते.

म्हणजे जवारी हा तारेच्या मार्गातला अडथळाच होय. हा अडथळा काय करतो, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 साली दाखवले. तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वरांचा स्थिरबिंदू येतो, ते उपस्वर नियमाने उमटू नयेत. तंबोऱ्यात ते उमटतात. अडथळा नसता तर हे वैभवही नसते.

पाश्चात्त्य गिटारवादकाच्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरमध्ये हीच तडजोड निराळ्या रूपात भेटते. व्हॉल्व्हच्या ग्रिडला दिलेला ऋण दाब, म्हणजे बायस, वादन थांबलेले असतानाही किती प्रवाह वाहावा हे ठरवतो. प्रवाह फार कमी झाला तर आवाज किरटा व रुक्ष होतो. फार वाढला तर आतला पत्रा लाल होऊन व्हॉल्व्ह लवकर निकामी होतो. मीटर धोक्याची हद्द दाखवतो. तिच्या आत नेमके कुठे थांबायचे, ते कानाला विचारावे लागते.

मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आनंद आहेच. परंतु मानांकन वस्तूला मिळते. जवारी ही वस्तू नव्हे. तारेच्या घर्षणाने घोडीवर चरे पडतात, स्वर बसतो, आणि पुन्हा कोणीतरी जाणता कानस घेऊन बसावा लागतो. रियाझाला इलेक्ट्रॉनिक तंबोरा किंवा भ्रमणध्वनी पुरेसा मानणाऱ्यांना त्या माणसाची गरजच पडत नाही. सोयीला आमचा विरोध नाही. मात्र ज्या विद्यार्थ्याने खुल्या व बंद जवारीतला फरक एकदाही ऐकलेला नाही, तो तो फरक मागणार तरी कसा? आणि कोणी मागितलाच नाही, तर कारागिराने आपल्या मुलाला तो का शिकवावा?

शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत सातारा व सांगली हे दोन्ही जिल्हे येतात. तेथील मराठी विभागांनी समीक्षेच्या परिभाषेचा एक तास मिरजेतल्या कारागिराच्या दुकानात घ्यावा, अशी आमची सूचना आहे. त्याच्या वेळेचे मोल मात्र द्यावे.