छपरातली पन्हाळ

वऱ्हाडात धाब्याची घरे होती त्या काळी मृग नक्षत्रापूर्वीचे एक काम ठरलेले असे. घरातील कर्ता माणूस शिडी लावून धाब्यावर चढे, कडेला साचलेली माती व पालापाचोळा ओढून काढी आणि पन्हाळीच्या तोंडात काठी घालून ती मोकळी करी. धाब्यावर पाणी पडणार हे गृहीतच असे. ते तेथे थांबू नये एवढीच काळजी घ्यावयाची. आता धाब्यांच्या जागी सिमेंटचे स्लॅब आले. पन्हाळ मात्र बार्शीटाकळीतील व्यापारी घरांच्या अंगणात पुन्हा अवतरली आहे, आणि तीही मोटारीच्या छपरात!

सनरूफची गाडी घेताना विक्रेता काच सरकवून आकाश दाखवितो. पाणी कोठून बाहेर जाते, हे तो दाखवीत नाही आणि घेणाराही विचारीत नाही. काचेभोवतीचे रबर पाणी पूर्णपणे अडवते, असा बहुतेकांचा समज असतो. वस्तुतः ते थोडे पाणी आत येऊ देते, आणि रचनाकाराने ते हिशेबात धरलेले असते. काचेखाली चौफेर एक उथळ चर असतो. त्याच्या कोपऱ्यांना बारीक छिद्रे आणि छिद्रांना नळ्या जोडलेल्या असतात. पुढच्या दोन नळ्या समोरील काचेच्या बाजूच्या खांबांतून उतरून दाराच्या बिजागरीजवळ किंवा पुढील चाकामागे उघडतात. मागच्या दोन मागील खांबांतून बंपरच्या आत अथवा मागील चाकाजवळ निघतात. गाडीगणिक जागा थोडी बदलते.

आता बार्शीटाकळीचा उन्हाळा पाहा. गाडी सावलीसाठी कडुनिंबाखाली उभी राहते. निंबाचा मोहोर, वाळलेली पाने, अडतीसमोरच्या धान्याच्या गाड्यांची धूळ आणि हंगामात उडणारे कापसाचे तंतू, हे सारे त्या चरात उतरते. पहिल्या सरीत त्याचा चिखल होतो आणि नळीचे तोंड बुजते. मग जुलैतील एखाद्या रात्री भरपूर पाऊस पडतो आणि सकाळी छताच्या अस्तरावर चहासारखा डाग दिसतो. येथे बहुतेक जण एक महाग चूक करतात: काचेभोवती सिलिकॉन थापून घेतात. नळी तुंबलेली ती तुंबलेलीच राहते, आणि काच सरकविण्याची सोय मात्र जाते.

पायाखाली ओल आली की ती छपराची की एसीची, हे प्रथम ठरवावे. उभ्या गाडीत पावसानंतर ओल आली तर संशय सनरूफवर घ्यावा. कोरड्या दिवशी एसी चालविल्यावर चालकाशेजारच्या आसनापुढील मॅट भिजली, किंवा वळण घेताना डॅशबोर्डमागे पाणी हेलकावल्याचा आवाज आला, तर दोष एसीच्या नळीचा असण्याचा संभव अधिक. ओल चिकट, रंगीत व गोडसर वासाची असेल तर ते इंजिनाचे कूलंट होय. तेथे घरगुती उपाय न करता मेकॅनिककडेच जावे.

एसीतून पाणी यावे, यात नवल नाही. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगत असे आणि रंग एकमेकांवर नीट बसत नसत. त्यासाठी विलिस कॅरिअर यांनी १९०२ मध्ये हवेतील ओलावा काढणारे यंत्र योजले. थंडावा हा त्याचा जोडलाभ. ३० अंशांची पूर्ण दमट हवा घनमीटरमागे सुमारे ३० ग्रॅम बाष्प धरते, १० अंशांची सुमारे ९ ग्रॅमच. उरलेले पाणी डॅशबोर्डमागील थंड जाळीवर जमते, खालच्या तबकात उतरते आणि आखूड रबरी नळीने गाडीखाली टपकते. म्हणून पावसाळ्यात एसी चालवून थांबलेल्या गाडीखाली पाण्याचे लहान थारोळे दिसले तर समाधान मानावे. दमट दिवशीही ते दिसेनासे झाले, की नळी तपासावी.

सनरूफची नळी तपासण्यास पेलाभर पाणी पुरते. काच उघडून एका कोपऱ्यातील छिद्रापाशी ते बारीक धारेने सोडावे आणि दुसऱ्याने खाली पाहावे. काही क्षणांत धार निघाली तर ती नळी मोकळी. पाणी चरात चढू लागले तर ओतणे तत्काळ थांबवावे. चर ओल्या फडक्याने पुसून, गवत कापण्याच्या यंत्रातील नायलॉनची लवचीक दोरी हलक्या हाताने, फिरवीत आत सरकवावी. टोक बोथट असावे. अडले तर जोर करू नये. लोखंडी तार नळीला भोके पाडते. पंक्चरच्या दुकानातील हवेचा झोत हा मोह सर्वांत वाईट! त्या दाबाने नळी वरच्या जोडातून निखळते आणि मग पाणी थेट अस्तरात उतरते. काही गाड्यांत नळीच्या खालच्या टोकाला रबरी चिरेची टोपी असते. चिखल तेथेच अडकतो. ती बोटांनी दाबून मोकळी करता येते. खांबांवरील आवरण मात्र घरी उचकटू नये. अनेक गाड्यांत त्यामागे एअरबॅग असते.

एसीची नळी खालून साफ करावी लागते. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. गॅरेजमधील खड्डा किंवा लिफ्ट हीच योग्य जागा. ओले शोषणाऱ्या व्हॅक्यूमने खालच्या टोकातून मळ ओढणे सर्वांत निर्धोक. दोरी खोल घातली तर जाळीला इजा होऊ शकते.

वरून मॅट वाळली की काम संपले, असे समजू नये. गालिच्याखालचा फोम पाणी धरून ठेवतो आणि त्याच भागातून विजेच्या तारा व त्यांचे जोड जातात. ते गंजले की दुरुस्तीचा आकडा एकदम मोठा होतो. शिवाय आतील दमटपणाने काचा धुरकटतात, आणि पावसाळी रात्री पातूरकडील रस्त्यावर तो धोका पैशांत मोजता येत नाही. विम्याचा भरवसा येथे धरू नये. पुराने झालेले नुकसान सर्वसमावेशक पॉलिसीत येते. झीज आणि विद्युत बिघाड तिच्या अपवादांत मोडतात. तुंबलेली नळी देखभालीचा भाग ठरली, तर दाव्याचा कागद परत येणे अवघड नाही.

वर्षातून दोनदा हे काम पुरते: एकदा मृगापूर्वी, दुसऱ्यांदा निंबाची पानगळ आटोपल्यावर. गाडी निंबाखालीच उभी राहत असेल, तर पावसाळ्याच्या मध्यावर आणखी एकदा पेलाभर पाणी सोडून पाहावे.