कुरकुर आणि कारण

यंत्र कुरकुरूं लागलें कीं त्यांत तेल ओतावें, आणि मूल कुरकुरूं लागलें कीं त्यास गप्प बसवावें, हे दोन उपाय आपल्याकडे सर्रास योजले जातात. दोन्ही झटपट आहेत. परंतु आमच्या अल्प मतें दोन्ही बहुधा चुकतात. आवाज हा रोग नव्हे, ती रोगाची वर्दी आहे. वर्दी देणाराचें तोंड बंद केल्यानें रोग हटत नाहीं.

हा धडा आम्हांस एका छोट्या एंजिनानें शिकविला. शाळेच्या प्रदर्शनासाठीं आम्हीं विजेवर चालणारी लहानशी आगगाडी मांडली होती. एंजिन खऱ्याच्या शहात्तराव्या हिश्शाएवढें, रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर, आणि वीज अवघी १२ व्होल्टांची. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशीं त्यांतून 'टक् टक्' असा आवाज निघूं लागला आणि तें लंगडत चालूं लागलें. कपाटांतून तें आणणारा मुलगा सातवींतला. "यानेंच पाडलें असेल!" असा एकच गलका झाला. तो बिचारा "नाहीं, सर" एवढेंच म्हणाला. सांगावयास लाज वाटते, पण आम्हीही त्याच्याकडे संशयानेंच पाहिलें.

इतक्यांत कोणी तेलाची बुधली आणली. ती आम्हीं दूर ठेवविली. अशा एंजिनांत फाजील तेल मोटारीच्या कॉम्युटेटरपर्यंत ओघळतें, कार्बनच्या ब्रशांखालीं राड होते, आणि मूळ दोष तसाच राहून दुसरा जडतो. तेव्हां आधीं ऐकावयाचें ठरलें.

पहिला प्रश्न असा, कीं आवाज एंजिनाचा कीं रुळांचा? तो ठराविक जागींच येता, तर रुळांचा सांधा तपासावा लागता. पण तो सर्वत्र येत होता. दुसरा प्रश्न, तो किती वेळां येतो? चाकाचा व्यास २४ मिलिमीटर, म्हणजे परीघ सुमारें ७५. एक मीटर अंतरांत चाकाचे तेरा फेरे व्हावयाचे. मुलांनीं आवाज मोजले, ते तेराच भरले. चाकाच्या एका फेऱ्यांत मोटार अनेक फेरे घेते. दोष तिच्यांत असता तर सुटी टक्टक् न येतां अखंड घरघर ऐकूं आली असती. म्हणून मोटार निर्दोष ठरली.

पुढें चाकांना जोडणारे दांडे काढून पाहिलें, आवाज कायम. पॅरिसमध्यें १८१६ सालीं रेने लाएनेक या डॉक्टरांनीं कागदाची सुरळी रोग्याच्या छातीस लावून हृदयाचे ठोके ऐकले, आणि त्यांतून स्टेथॉस्कोप जन्मास आला. तीच युक्ति आम्हीं केली. सुरळींतून आवाज मधल्या कण्यापाशीं मोठा लागला. खालचें झांकण उघडतांच तेथील प्लॅस्टिकच्या दांतेरी चाकास भेग गेलेली दिसली. भेगेमुळें दोन दांतांमधील अंतर वाढलें होतें, म्हणून प्रत्येक फेऱ्यास एक ठोका! लोखंडी कण्यावर घट्ट बसविलेलें असें चाक वर्षांमागून वर्षें आकसतें आणि तडकतें. शिवाय भेगेंत जुनें काळें वंगण मुरलेलें होतें. दोष त्या दिवसाचा नव्हताच.

दुसऱ्या दिवशीं वर्गासमोर आम्हीं त्या मुलाची क्षमा मागितली, आणि पुढें नवें चाक आलें तेव्हां तें त्याच्याच हातून बसविलें. प्रदर्शनांत एंजिन धांवलें नाहीं. परंतु उघडें एंजिन आणि तडकलेलें चाक मेजावर मांडून तो येणाऱ्या पाहुण्यांस सर्व हकीकत सांगत होता.

विद्यार्थिमित्रहो, प्रत्येक आवाजाची निराळी भाषा असते. बारीक किंचाळी ऐकूं आली तर कण्याचें टोंक कोरडें आहे असें समजावें. तेथें सुईच्या अग्रावरील एक थेंब तेल पुरे. एकाच दिशेस जातांना आवाज येत असेल तर मोटारीचा दांडा मागेंपुढें सरकतो कीं काय तें पाहावें. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि पुन्हां ऐकावें.

आणि पालकहो, आपणांसही एक विनंति आहे. मुलाचें पोट दर सोमवारींच दुखत असेल, तर 'ढोंगी' म्हणण्यापूर्वीं आमचे तेच प्रश्न विचारून पाहा. केव्हां, कोठें आणि किती वेळां? कोणी म्हणेल, मुलें खोटेंही बोलतात. बोलतात खरीं, पण खोटें कोणतें हेंही ऐकल्यावांचून कळत नाहीं. आम्हीं तेराच्या ऐवजीं एकही ठोका मोजला नसता, तर एका निरपराध मुलावर चोरट्याचा शिक्का कायमचा बसला असता, आणि एंजिन लंगडें तें लंगडेंच राहिलें असतें.